मासोळी डोळे मिटते का?

परवा सुमीला पाच वर्षं पूर्ण झाली. वाढदिवस झाला, शिरा झाला, सगळं झालं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय तो झाल्यासारखा वाटेना, म्हणून तुमच्या दुकानाची एक फळी काढून आत येऊन बसले आहे. सुमी घरी तुमच्या वडिलांजवळ आहे. आबाजी तिला ओसरीवर घेऊन बसलेत, आणि ती त्यांना बाराखडी शिकवते आहे. इथे कोपऱ्यात लोकांचे रेडिओ पोट उघडून पडलेत. तारांना डाग द्यायच्या राळेचा जो वास तुमच्या सदऱ्याला यायचा, तो अजून गेलेला नाही.

आधी हे सांगते, की मी भ्याले होते. तुम्ही गेल्यापासून मी भीतच असते. आबाजी खोकले की भिते, खोकायचे थांबले की जास्त भिते. दाराची कडी वाजली तरी उठून उभी राहते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काहून वं, रिसोडची वाघीण ना तू? मांजर कशी झाली?" झाली, काय करणार. पण ही रोजची भीती मी पदराला बांधून कामं करत होते. सुमीच्या वाढदिवसाची भीती मात्र कशात बांधता येईना. आणि खरं सांगू, ती तुम्हीच लावून गेला होतात.

वाशिमात टीव्ही आलेला नाही. कधी येईल ते कोणाला ठाऊक. आपल्या घरात मात्र तो सुमीच्या पहिल्या वाढदिवसालाच आला. त्याच्या थोडं आधी तुम्ही रेडिओचं काम शिकायला मुंबईला मावसभावाच्या चाळीत राहून आला होतात. काम किती शिकलात ते दुकानाला माहीत, घरी आलात ते टीव्ही पाहून आलात. चाळीत तो एकाच घरी होता, आणि त्या घराच्या दारात लोकांच्या चपलांवर उभं राहून तुम्ही एक विनोदी नाटुकलं पाहिलं होतं. एक चिक्कू घरमालक आणि नेमका जेवायच्या वेळी उगवणारा पाहुणा. आल्या आल्या अंगणात तुम्ही दोघांचीही सोंगं करून दाखवलीत. आबाजी हसता हसता बाजेवरून घसरले. पुढे केव्हातरी तुम्ही मला हळूच सांगितलंत की तो कार्यक्रम तुम्ही दोनच वेळा पाहिला होता, बाकीचं सगळं मनचं. मला काही नवल वाटलं नाही. तुम्ही बाजारातून आलात तरी भाजीपेक्षा बातम्या जास्त आणायचात.

मग तुम्ही देवदारी खोका आणलात, नवे रेडिओ ज्यातून येतात तो. पुढून चौकोन कापला, मागची पाठ काढून टाकली, मोडक्या रेडिओची दोन बटणं बसवली. खोका टेबलावर, तुम्ही मागे स्टुलावर, लोकरीची मिशी लावलेलं तुमचं तोंड चौकोनात. टेबलाखाली तुमचे पाय दिसू नयेत म्हणून माझी जुनी अंजिरी साडी पडद्यासारखी सोडलीत. ती वीतभर आखूड पडली. मी म्हटलं, दुसरी देते. तुम्ही म्हणालात, "राहू दे. खाली कोन पाह्यते? सारे वरच पाह्यतात."

तेव्हापासून आपल्या घरात कोणाचाही वाढदिवस टीव्हीशिवाय झाला नाही. आबाजींना तर त्यांची जन्मतारीखच ठाऊक नव्हती, शाळेत गेलेच नव्हते ना ते. तुम्ही त्यांना पोळ्याचा दुसरा दिवस नेमून दिलात. वाढदिवस असेल त्याने बटण फिरवायचं. टक. लगेच घरमालक खाकरायचा. पुन्हा टक, आणि तुम्ही अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून थांबायचात, डोळेसुद्धा हलवायचा नाहीत. सुमी मुद्दाम तसंच ठेवायची तुम्हाला. माशी नाकावर बसली तरी तुम्ही हलत नव्हतात. मग टक, आणि तोच अर्धा शब्द पुढे सुरू. जमलेली गल्लीतली पोरं लोळायची हसून. मीही हसायची, पण ते तुमचं थांबणं मला कधी आवडलं नाही. तुम्हाला म्हटलं तर तुम्ही माझीच नक्कल केलीत.

नाटुकलं संपलं की प्रश्न. टीव्हीवर असे प्रश्न विचारतात, असं तुम्ही सांगायचात. जगातला सगळ्यात मोठा पक्षी कोणता, चंद्रावर हवा आहे का, मुंगीला पाय किती. चुकेल त्याने गाढवासारखं ओरडायचं. आबाजींना ओरडायची हौस, म्हणून ते मुद्दाम चुकायचे. भारताची राजधानी कोणती? "रिसोड!" माझं माहेर ते, म्हणून माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. सगळ्यात शेवटी एक प्रश्न टीव्ही बिनउत्तराचा ठेवायचा. रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात तुम्ही म्हणायचात, "उत्तर पुढच्या वर्षी, ह्याच दिवशी, ह्याच ठिकाणी." आणि पोरं वर्षभर ते उत्तर शोधत हिंडायची.

त्या खोक्यावरून आपलं भांडण होतं, आठवतं ना? माझं म्हणणं, लेकराला असं फसवू नये. सुमी तीन-चार वर्षांची झाली, तिला सांगून टाका की आत तुम्ही आहात. मिशीमुळे आणि आवाज बदलल्यामुळे तिला कळत नाही, असं आपण दोघंही धरून चाललो होतो. तुम्ही म्हणायचात, "तिले माईत नाई तोवरच त्याची मजा हाये. पाचव्या वाढदिवसाले मी तिले मांगं बलावतो, मिशी तिच्याच हातानं काढाले लावतो. मंग तर झालं?" मी म्हणायची, तोवर ती माणसं खोक्यात राहतात असं समजून बसेल. तुम्ही म्हणायचात, समजू दे. हे भांडण आपण अर्धवट ठेवलं. तुमच्यासारखंच, बटण फिरवल्यावर पुढे सुरू करू म्हणून.

मागच्या वाढदिवसाचा बिनउत्तराचा प्रश्न होता, मासोळी झोपते तेव्हा डोळे मिटते का? वर्षभर सुमीने गल्ली डोक्यावर घेतली. मी तुम्हाला एकदा विचारलं, "तुमाले तरी माईत हाये का?" तुम्ही हसलात, आणि रेडिओत तोंड घातलंत. मला वाटतं, तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

माघात तुमच्या छातीत दुखायला लागलं. तुम्ही म्हणालात, वायू धरला. मी ओवा दिला, शेकलं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणालात, "सुई टोचते तो. मले भेव वाटते." त्यावर आम्ही सगळे हसलो. त्या दुपारी जेवून तुम्ही आतल्या खोलीत सतरंजीवर आडवे झालात, सुमीला कुशीत घेऊन. मी दळण आणायला गिरणीवर गेले. खंडव्याकडची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा मी गिरणीच्या ओळीत उभी होते. परत आले तर सुमी तुमच्या उशाशी मांडी घालून बसलेली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ये. बाबा मासोई झाले."

मी हसले हो. पिठाचा डबा खाली ठेवला आणि हसले. तुमचे डोळे उघडे होते, आढ्याकडे लागलेले.

"लय येळचे मासोई झाले," सुमी म्हणाली. "गुदगुल्या केल्या तरी हासत नाई."

मी तुमच्या तळपायाला हात लावला. तो गार होता, आणि त्यानंतर मला माझंच ओरडणं ऐकू आलं. आबाजी धावत आले. सुमी रडायला लागली, ती तुमच्यामुळे नाही, मी तुमचा खेळ मोडला म्हणून. तुमचे डोळे मीच मिटले. उजवा मिटला. डावा पुन्हा उघडला. पुन्हा हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. सुमी शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

ती तुमच्याजवळ किती वेळ बसली होती, तुम्ही तिला काही बोललात का, तिने तुम्हाला हाका मारल्या का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. सांगितलं असतं तर ऐकायची छाती नव्हती. एवढं मात्र कळलं की तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिने तुमच्या तोंडावर वाचलं होतं. मासोळी झोपते, आणि डोळे उघडे असतात. तिच्या लेखी तुम्ही उत्तर दाखवत होतात.

लोक जमले तेव्हा तिने आबाजींचं धोतर ओढलं. बाबा कुठं? अंगणात मुलगा निजवलेला, आणि नात धोतर ओढते आहे. म्हाताऱ्या माणसाने तोंडाला आलं ते देऊन टाकलं. "तुहे बाबा टीव्हीत गेले, बाई. मोठ्या टीव्हीत बलावलं त्याईले."

"कवा येतील?"

"येतील ना. तुह्या वाढदिवसाले येतील."

मी ते ऐकलं. त्या गर्दीतही तिच्या वाढदिवसाचा चैत्र दोनच महिन्यांवर आलाय, हे माझ्या मनात आलं. आबाजींना मी बोल लावला नाही. त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते सख्ख्या बापाने केलं नसतं. बाया माझ्या बांगड्या आणि जोडवी काढायला आल्या तेव्हा तेच मध्ये उभे राहिले. म्हणाले, "आपन धम्म घेतला ना? मंग हे कायले? सूनबाईच्या अंगाले हात लावाचा नाई." माझी जोडवी पायात राहिली. तुम्ही घातलेली.

मग रोजचं सुरू झालं. दिवे लागायच्या वेळी सुमी खोक्यासमोर जायची. टक. थोडं थांबायची. टक. मग वाकून टेबलाखाली बघायची आणि उठून खेळायला जायची. मला वाटायचं, गोटी गेली असेल, मांजर शोधत असेल. ते टक ऐकलं की मी चुलीपुढे ताठ व्हायची. खोका रिकामाच असे, पण मला त्या चौकोनाकडे बघवत नसे. एकदा वाटलं फोडून चुलीत घालावा. कोयता आणला आणि परत ठेवला. तुमच्या हातची ती बटणं होती ना.

तिला खरं सांगायला मी कितीदा तरी बसले. वेणी घालताना सांगू म्हणायची, आंघोळ घालताना सांगू म्हणायची. तोंड उघडलं की निघायचं भलतंच, "अभ्यास केला काय वं?" एकदा तर तिनेच माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यात कांदा गेला. चुलीवर वरण होतं, कांदा घरात नव्हता.

तुमच्या बहीण शांताबाई मंगरुळहून आल्या. म्हणाल्या, "वरीस बी नाई झालं अन् वाढदिवस कायचा करता? लोक काय म्हनतीन?" मनातून मी त्यांचीच बाजू धरली होती. नकोच तो दिवस. पण सुमीने गल्लीभर आमंत्रणं देऊन ठेवली होती. "वाढदिवसाले माहे बाबा टीव्हीत येनार हायेत. सारे या." पोरं मला रस्त्यात थांबवून विचारायची, काकू, खरं काय? आबाजी शांताबाईंना एवढंच म्हणाले, "मी जबान देल्ली हाये पोरीले." आणि मग माझ्याकडे वळून, "मांगं मी बसतो, सूनबाई. तू घाबरू नको." मी म्हटलं, बरं. पण प्रश्नाचं उत्तर? टीव्हीने वर्षापूर्वी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तर द्यावंच लागणार. "मासोई झोपते हेच मले नवीन हाये," आबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तळ्यावरून डबीत एक जिवंत मासोळी घेऊन आले. सुमी बालवाडीत होती. मी मासोळी पितळी पातेल्यात सोडली आणि दुपारभर समोर बसून राहिले. आधी ती गरगर फिरली. मग ऊन सरलं, पाणी थंड झालं आणि ती तळाशी जाऊन थांबली. कल्ले तेवढे हलत होते. डोळे उघडे. मी वाकून बघितलं, पापणी नव्हतीच. मिटायला काही असावंच लागतं, ते तिच्याकडे नव्हतंच. हे कळलं आणि मला तुमचा डावा डोळा आठवला, माझ्या तळव्याखाली उघडत असलेला. मी पातेलं सोडून अंगणात पळाले. आबाजी विचारत होते, "झोपली काय?" त्यांनीच मग मासोळी विहिरीत सोडली.

परवा संध्याकाळी पोरं सतरंजीवर आली. बाया बाजेवर, म्हातारे खुर्च्यांवर, नेहमीसारखं. शिऱ्याच्या ढिगात मेणबत्ती लावली, तुम्ही लावायचात तशी. सुमीने नवा फ्रॉक घातला होता, आणि ती एका जागी बसत नव्हती. आबाजी टोपी घालून तयार झाले, खोक्यामागे गेले, तुमच्या स्टुलाला हात लावला आणि तिथूनच परत फिरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माह्याच्यानं नाई होत."

मग मी गेले. कशी गेले ते विचारू नका. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या लग्नात उखाणा घ्यायला मला किती वेळ लागला होता. खोक्यामागे मी कधीच आले नव्हते, तुम्ही येऊच द्यायचा नाहीत. तिथे खिळ्याला तुमची लोकरीची मिशी होती, घरमालकाच्या आवाजासाठी तोंडापुढे धरायचा पेला होता, आरशाचा एक तुकडा होता. मिशीची दोरी तुमच्या डोक्याच्या मापाची. ती माझ्या नाकावरून घसरून गळ्यात आली.

चौकोनातून मला सुमी दिसली. तिचा हात बटणावर होता.

टक.

घरमालक खाकरायला हवा होता. माझ्या घशातून वारासुद्धा निघेना.

टक. टक.

"बिघडला," कोणतं तरी पोर म्हणालं. आबाजींनी येऊन खोक्याला वरून थाप मारली, तुम्ही रेडिओला मारायचात तशी. बाया हसल्या. मी चौकोनाच्या मागे अंधारात तोंड दडवून बसले होते, आणि मला एकच कळत होतं, की आता ही पोर विचारणार, बाबा कुठे आहेत, आणि सगळ्या गल्लीसमोर मला सांगावं लागणार.

सुमीने विचारलं नाही. तिची वेणी चौकोनातून खाली गेली. ती वाकली होती. मग टेबलाखालून तिचा आवाज आला.

"आईचे पाय हायेत. जोडवे हायेत."

ऐकलंत? खाली कोण बघतं, म्हणालात ना? पोरं बघतात. मोठी माणसं बाजेवर आणि खुर्च्यांवर, त्यांना चौकोन दिसतो. सतरंजीवरच्या पोरांना वीतभर आखूड साडीखालचे तुमचे पाय दिसत होते, पहिल्यापासून. करंगळीचं नख फुटलेला तो उजवा पाय कोणाचा ते सुमीला चांगलं माहीत होतं. मिशी, आवाज, पेला, सगळ्याला ती हसायची, आणि आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं. आपण दोघं उगाच भांडलो. तिला कोणी फसवलंच नव्हतं. आणि रोज दिवेलागणीला ती गोटी शोधत नव्हती. तुमचे पाय आलेत का, ते बघत होती.

ती उठून उभी राहिली. रडली नाही. बटण पुन्हा फिरवलं, आणि चौकोनात तोंड घालून मला विचारलं, "सांग. मासोई डोये मिटते का?"

"नाई मिटत," मी म्हटलं. आवाज माझाच निघाला, कोणाचं सोंग नाही. "तिले पापन्याच नसतात."

तिने विचार केला. तुम्ही उत्तर तपासून घ्यायला शिकवलं होतंत ना, तशी ती तपासून बघत होती.

"बाबाले होत्या," ती म्हणाली. "तू मिटल्या त्याईच्या. मी पाह्यलं."

"हो."

"मंग ते मासोई नव्हते झाले."

"नाई, बाई."

"मेले होते?"

शांताबाईंनी तोंडात पदर घेतला. आबाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "हो, मेले होते." इतके दिवस जो शब्द माझ्याच्याने निघत नव्हता तो तिने विचारला आणि मी फक्त हो म्हटलं.

"मले वाटलंच," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा ओठ वाकडा झाला. मी हात चौकोनातून बाहेर काढले. तिने खोक्यातूनच माझ्या गळ्याला मिठी मारली, मिशीसकट. खोका टेबलावरून पडता पडता आबाजींनी धरला. पुष्कळ वेळ तो तसाच धरून उभे होते ते.

अजून मी भिते. आता ती मोठी होईल, तिचे प्रश्न अवघड होत जातील, आणि उत्तरं माहीत असलेला माणूस घरात नाही. पण तुम्ही नुसती सोंगं करत नव्हतात हो. एवढ्याशा पोरीला तुम्ही बघायला आणि बघितलेलं जोडून पाहायला शिकवून ठेवलंत. तेवढ्यावर ती माझ्याआधी खऱ्यापर्यंत जाऊन पोचली. याचे उपकार कसे मानायचे, ते मला जमत नाही.

शिरा वाटून झाल्यावर गल्लीतली पोरं हटून बसली. पुढच्या वर्षीचा प्रश्न? टीव्हीने तो सांगितल्याशिवाय ती उठणार नव्हती. मी पुन्हा मागे जाऊन बसले. मला मेलीला कुठलं आलंय सामान्य ज्ञान. काहीच सुचेना, म्हणून तोंडाला आलं ते विचारलं.

"टीव्हीले पाय किती असतात?"

"हा सोप्पा हाये," सुमी म्हणाली. डोळे अजून ओले होते. "दोन. मांगच्या साली मोठे होते."